सिक्युअरली : कशापासून निश्चिंत?

मागच्या पावसाळ्यात शेजारच्या काकू औषधाच्या बाटलीबरोबर आलेला कागद घेऊन माझ्याकडे आल्या. त्यावर मराठीत छापलं होतं, 'वापरानंतर बाटली सुरक्षितपणे बंद करावी.' काकूंनी विचारलं, "सुरक्षितपणे म्हणजे कशी रे? कपाटात ठेवून कुलूप लावू का?" प्रश्न रास्त होता. कागदाच्या मागच्या बाजूला इंग्रजी मजकूर होता आणि त्यात 'क्लोज सिक्युअरली' असे शब्द होते. मी म्हटलं, "झाकण घट्ट लावा, एवढंच." काकू म्हणाल्या, "मग तसं लिहायला काय झालं?"

इंग्रजीतली माहितीपत्रकं, सूचना, फॉर्म मराठीत आणण्याचं काम मी बरीच वर्षं करतो आहे. या कामात 'सिक्युअरली' हे क्रियाविशेषण जवळजवळ रोज भेटतं. शब्दकोशात त्याच्यासमोर 'सुरक्षितपणे' असतं आणि मग तेच सगळीकडे चिकटवलं जातं. बाटलीचं झाकण सुरक्षितपणे, शिडी सुरक्षितपणे, पैसे सुरक्षितपणे, हेल्मेटचा पट्टाही सुरक्षितपणे. वाचणाऱ्याला त्यातून करायचं काय ते कळत नाही. कथेतला एखादा शब्द निसटला तर रस कमी होतो, पण सूचनेतला शब्द कळला नाही तर शिडी घसरते किंवा खात्यातले पैसे जातात. म्हणून या एका शब्दावर थोडा वेळ घालवणं मला गरजेचं वाटतं.

सुरुवात शब्दाच्या जन्मापासून करू, कारण पुढच्या सगळ्या अर्थांची किल्ली तिथेच आहे. लॅटिनमध्ये 'से' म्हणजे वाचून, विना. 'क्युरा' म्हणजे काळजी, चिंता. दोन्ही मिळून 'सेक्युरुस', ज्याला काळजी उरलेली नाही असा. मराठी माणसाला ही घडण परकी वाटायचं कारण नाही. 'निश्चिंत' म्हणजे चिंता गेलेला, 'निर्धास्त' म्हणजे धास्ती गेलेला, 'बिनघोर' म्हणजे जिवाला घोर नसलेला. आपल्याकडे याच साच्यातले तीन शब्द रोजच्या बोलण्यात आहेत. 'क्युरा'चं घराणं इंग्रजीत मोठं आहे. काळजी घेऊन बरं करणं ते 'क्युअर', काळजीपूर्वक केलेलं म्हणून बिनचूक ते 'ॲक्युरेट'. आणि 'शुअर' हा तर 'सिक्युअर'चा सख्खा भाऊ. तोच लॅटिन शब्द जुन्या फ्रेंचमधून झिजत आला आणि 'शुअर' झाला. विम्याला इंग्रजीत 'इन्शुरन्स' म्हणतात, तेही याच कुळातलं.

म्हणजे मुळात 'सिक्युअरली' हा मनाच्या अवस्थेचा शब्द. 1611 साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी बायबलमध्ये, नीतिसूत्रांच्या पुस्तकात, तो याच अर्थाने आलेला आहे. जो शेजारी तुमच्या भरवशावर निर्धास्त राहतो त्याचं वाईट चिंतू नका, असा तिथला आशय आहे. त्या काळात या शब्दाला वाईट बाजूही होती. शेक्सपिअरच्या इंग्रजीत 'सिक्युअर' माणूस म्हणजे गाफील, फाजील विश्वासात राहिलेला माणूस असाही अर्थ होतो. आपल्या 'बेफिकीर'चं हेच झालं. फिकीर नसणं ही खरं तर चांगली गोष्ट, पण 'बेफिकीर गाडी चालवतो' हे कोणी कौतुकाने म्हणत नाही. इंग्रजी शब्दाची ती वाईट बाजू काळाच्या ओघात मागे पडली. मनाची निश्चिंती ज्या गोष्टींमुळे येते त्या गोष्टींकडे शब्द सरकला. झाकण पक्कं लागलंय, दार नीट लावलंय, दोर घट्ट बांधलाय, म्हणून मी निश्चिंत.

इथून माझा मुख्य मुद्दा सुरू होतो. 'सिक्युअरली' दिसलं की स्वतःला एक प्रश्न विचारा : कशापासून निश्चिंत? सुटण्या-पडण्यापासून, चोरापासून, की शंकेपासून? उत्तर मिळालं की मराठी शब्द आपोआप सुचतो.

सगळ्यात जास्त वेळा उत्तर असतं, सुटण्यापासून. इथे मराठीत 'सुरक्षितपणे' जवळजवळ कधीच लागत नाही. आपल्याकडे या कामाला शब्दांची श्रीमंती आहे आणि ती वापरायला हवी. झाकण घट्ट लावतात. खिळा पक्का ठोकतात. शिडी भक्कम टेकवतात. टेम्पोवरचं सामान जखडून बांधतात. गॅसचा रेग्युलेटर नीट बसवतात आणि 'टक्' असा आवाज आला की तो बसला असं समजतात. बोट धक्क्याला बांधतात तेव्हा दोराची गाठ पक्की मारतात. या प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत 'सिक्युअरली' चालतं, मराठीत मात्र वस्तू बदलली की शब्द बदलतो.

इथे इंग्रजी शिकणाऱ्यांचा एक गोंधळ होतो. 'टाइटली', 'फर्मली' आणि 'सिक्युअरली' हे तिन्ही 'घट्ट'च वाटतात. फरक समजायला प्रथमोपचारातली पट्टी डोळ्यांपुढे आणा. जखमेवरची पट्टी 'सिक्युअरली' बांधायची असते, 'टाइटली' बांधली तर रक्तपुरवठा अडतो, बोटं निळी पडतात, मुंग्या येतात. मराठी आजी हेच सांगेल : पट्टी पक्की बांध, पण करकचून नको. 'टाइटली'मध्ये आवळण्याचा जोर असतो. 'सिक्युअरली'ला जोराशी देणंघेणं नाही, त्याला परिणाम हवा असतो, सुटणार नाही हा परिणाम. तो कधी जोराने साधतो, कधी योग्य गाठीने, कधी फक्त खाचेत खटका बसल्याने. औषधाच्या काही बाटल्यांना मुलांना उघडता येऊ नये म्हणून दाबून फिरवायचं झाकण असतं. ते कितीही जोर लावून पिळलं, पण खटका बसला नाही, तर ते 'टाइटली' लागलं असेल, 'सिक्युअरली' लागलेलं नाही. 'फर्मली' आणखी वेगळं. त्यात ठामपणा आहे, म्हणून ते माणसाच्या बोलण्याला आणि मतालाही लागतं. 'तिने ठामपणे नकार दिला' इथे 'फर्मली' येईल, 'सिक्युअरली' कधीच येणार नाही.

मराठीत खुंटा हलवून बळकट करणं असा वाक्प्रचार आहे. पक्कं झालं असं वाटतंय, तरी एकदा हलवून खात्री करून घ्यायची. 'सिक्युअरली'ची खरी कसोटी हीच. लावून झाल्यावर हलवून पाहा, ओढून पाहा. हललं नाही तर काम झालं.

हे क्रियाविशेषण आपल्या कायद्यात एका फार मोलाच्या जागी आहे आणि ते फारसं कोणाला माहीत नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्यातलं 129 वं कलम दुचाकीस्वाराच्या हेल्मेटचं आहे. त्या कलमात संरक्षक शिरस्त्राण कशाला म्हणायचं याचं स्पष्टीकरण दिलेलं आहे आणि त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग असा, की त्याचा आकार, साहित्य आणि बांधणी अपघातात इजेपासून संरक्षण देईल अशी हवी. दुसरा भाग असा, की ते पट्ट्याने किंवा त्यावरच्या अन्य बंधाने डोक्याला 'सिक्युअरली' बांधलेलं हवं. दोन भागांमध्ये 'आणि' आहे, 'किंवा' नाही. म्हणजे हनुवटीखालचा पट्टा मोकळा लोंबत असेल तर कायद्याच्या व्याख्येप्रमाणे तुमच्या डोक्यावर शिरस्त्राणच नाही. कितीही महागाचं असो. त्यामागचं कारण सरळ आहे. धडक बसली की शरीर फेकलं जातं, आणि पट्टा न लावलेलं हेल्मेट डोकं रस्त्यावर आपटायच्या आतच निघून जाऊ शकतं.

आता या व्याख्येचं मराठी कोणी 'सुरक्षितपणे बांधलेले' असं केलं तर वाचणाऱ्याला वाटेल, आपण गाडी सुरक्षितपणे चालवतो, झालं. 'पट्टा लावून डोक्याला पक्कं बसवलेलं' असं लिहिलं तर हात आपसूक हनुवटीकडे जाईल.

दुसरं उत्तर, चोरापासून. इथे 'सुरक्षितपणे' चालतं, पण इथेही अडचण आहे, कारण इंग्रजीत दोन वेगळे शब्द आहेत आणि आपण दोन्हींसाठी एकच वापरतो. 'सेफली' आणि 'सिक्युअरली' यांतला फरक एमआयडीसीतल्या कोणत्याही कारखान्यातल्या कामगाराला पुस्तक न वाचता माहीत असतो. 'सेफ्टी ऑफिसर' हातमोजे, चष्मा, यंत्राची जाळी बघतो आणि 'सिक्युरिटी' गेटवर उभी असते. पहिला अपघात टाळतो, दुसरी वाईट हेतूने येणाऱ्या माणसाला अडवते. 'सेफ्टी' इजेबद्दल आहे, 'सिक्युरिटी' हेतूबद्दल.

आणि कधीकधी दोघांची गाठ एकमेकांविरुद्ध पडते. मुंबई-पुण्यातल्या फ्लॅटच्या खिडक्यांना आपण लोखंडी ग्रिल बसवतो. चोराच्या दृष्टीने घर 'सिक्युअरली' बंद झालं. पण उद्या आग लागली, जिन्यात धूर भरला, तर त्याच ग्रिलमुळे बाहेर पडायची एक वाट बंद होते. घर 'सिक्युअर' आहे, 'सेफ' नाही. म्हणून ग्रिलला आतून उघडणारी चौकट ठेवावी आणि तिची किल्ली घरातल्या प्रत्येकाला माहीत असलेल्या एकाच ठिकाणी अडकवावी. सार्वजनिक इमारतीतलं आपत्कालीन दार कुलूप लावून ठेवलेलं दिसलं तरी हेच म्हणावं लागेल. दोन्ही शब्दांचं मराठी 'सुरक्षित' केलं की ही गाठ दिसेनाशी होते, म्हणून हा फरक मनात तरी वेगळा ठेवायला हवा.

'सेफली'ला मराठीत एक फार सुंदर शब्द आहे, 'सुखरूप'. गावी पोहोचल्यावर आपण फोन करतो, सुखरूप पोहोचलो. लक्षात ठेवायला सोपं वाक्य म्हणून मी विद्यार्थ्यांना सांगतो : सामान पक्कं बांधलं तर सुखरूप पोहोचतं. 'पक्कं' ते 'सिक्युअरली', 'सुखरूप' ते 'सेफली'.

मोबाइल आणि संगणकावर हा शब्द आता इतका पसरला आहे की तिथे वाचकांना फसायला होतं. 'पे सिक्युअरली', 'लॉग इन सिक्युअरली', 'स्टोअर्ड सिक्युअरली'. तिथे त्याचा अर्थ फार मर्यादित असतो. बहुतेक वेळा एवढाच, की तुमच्या फोनपासून त्या संकेतस्थळापर्यंत जाणारी माहिती सांकेतिक रूपात जाते आणि वाटेत कोणाला ती वाचता येत नाही. पत्त्याच्या सुरुवातीच्या 'एचटीटीपीएस'मधलं शेवटचं 'एस' हेच सांगतं. पलीकडे बसलेला माणूस प्रामाणिक आहे की नाही, याबद्दल ते काहीच सांगत नाही. भामट्याच्या संकेतस्थळालाही हे 'एस' सहज मिळतं. लिफाफा लाखेने पक्का बंद केला, पण पत्ताच चोराचा असेल तर लाखेचा काय उपयोग?

लोक या शब्दाने फसतात हे ब्राउझर बनवणाऱ्यांच्याही लक्षात आलं. गूगलच्या क्रोममध्ये पत्त्याशेजारी पूर्वी हिरव्या अक्षरांत 'सिक्युअर' असं लिहिलेलं दिसायचं. सप्टेंबर 2018 मध्ये तो शब्द काढून टाकण्यात आला. कुलपाचं चित्र राहिलं, पण लोक त्याचा अर्थ 'हे संकेतस्थळ भरवशाचं' असा घेत होते, म्हणून 2023 मध्ये क्रोमने ते कुलूपही बदललं. एका शब्दाचा अर्थ लोक चुकीचा लावतात म्हणून जगभर वापरला जाणारा ब्राउझर बदलावा लागतो, यावरून शब्दाचं वजन ओळखावं.

तेव्हा पडद्यावर हा शब्द दिसला की पुन्हा तोच प्रश्न : कशापासून? वाटेतल्या चोरापासून निश्चिंत, समोरच्या भामट्यापासून नाही. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी टाकायचा असतो, पैसे मिळवण्यासाठी तो कधीच टाकावा लागत नाही. 'पैसे सिक्युअरली घेण्यासाठी पिन टाका' असं कोणी म्हणालं तर फोन ठेवून द्या. फसवणूक झालीच तर वेळ न घालवता 1930 या राष्ट्रीय क्रमांकावर कळवा, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता येण्याची शक्यता सुरुवातीच्या वेळातच जास्त असते.

'सिक्युअरली डिलीट' किंवा 'इरेज' हाही एक प्रयोग आहे. जुना संगणक विकताना तो कामाला येतो. फाइल नुसती डिलीट केली तर हार्ड डिस्कवरची तिची नोंद जाते, मजकूर बराच काळ तसाच पडून असतो आणि जाणकाराला तो परत काढता येतो. इथे 'सुरक्षितपणे पुसा' म्हटलं तर वाचकाला वाटेल, बाकीच्या फाइलींना धक्का न लावता पुसा. म्हणायचं असतं 'परत काढता येणार नाही असं पुसा'. वाक्य लांबतं, लांबू द्यावं.

तिसरं उत्तर, शंकेपासून. हा अर्थ वर्तमानपत्रात कमी आणि इतिहासाच्या पुस्तकात जास्त दिसतो. 'सिक्युअरली डेटेड' म्हणजे ज्याचा काळ खात्रीने ठरलेला आहे असं. सम्राट अशोकाचं उदाहरण घ्या. त्याच्या तेराव्या शिलालेखात पाच ग्रीक राजांची नावं आली आहेत. त्या राजांचा काळ ग्रीक साधनांवरून स्वतंत्रपणे माहीत आहे, त्यामुळे अशोकाचा काळ इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकाच्या मध्यात पक्का बसतो. आपल्या नालासोपाऱ्यालाही अशोकाच्या शिलालेखांचे तुकडे सापडले आहेत. आठव्या लेखाचा तुकडा 1882 मध्ये भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला. त्या तुकड्याचा काळ आपण इतक्या निःशंकपणे सांगू शकतो तो अशोकाच्या काळाचा खुंटा आधीच रोवलेला आहे म्हणून. याउलट सातवाहनांच्या राजवटीची सुरुवात नेमकी कधी झाली यावर विद्वानांमध्ये शतक-दोन शतकांचे मतभेद आहेत. तिथे कोणी 'सिक्युअरली' लिहिलं तर ते खोडावं लागेल. या अर्थाला मराठीत 'निःशंकपणे', 'खात्रीने', 'निर्विवाद' हे शब्द आहेत. 'सुरक्षित कालनिश्चिती' असा शब्दप्रयोग मी छापील मजकुरात पाहिला आहे आणि तो वाचून काहीही बोध होत नाही.

मानसशास्त्रात हा शब्द मुळाकडे परत जातो. जॉन बोल्बी आणि मेरी एन्सवर्थ यांनी लहान मूल आणि त्याला सांभाळणारी व्यक्ती यांच्यातल्या बंधाचा अभ्यास केला. जे मूल 'सिक्युअरली अटॅच्ड' असतं ते आई खोलीबाहेर गेली की रडेलही, पण ती परत आली की तिच्या कुशीत लवकर शांत होतं आणि पुन्हा खेळायला लागतं. इथे 'घट्ट जोडलेलं मूल' असं भाषांतर केलं तर उलटाच अर्थ होतो, आईला चिकटून बसणारं मूल डोळ्यांपुढे येतं. खरं तर आई आहे या भरवशावर ते तिच्यापासून दूर जाऊन खेळू शकतं. मला इथे 'भरवसा' हाच शब्द सगळ्यात जवळचा वाटतो.

व्याकरणाचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात फार गुंतागुंत नाही. स्पेलिंगमध्ये 'आर'नंतरचा 'ई' राहतो, मग 'एलवाय' येतं. तो 'ई' गाळणं ही नेहमीची चूक. उच्चारात जोर 'क्यु'वर, पहिल्या 'सि'वर नाही. वाक्यात तो कर्मानंतर येतो किंवा भूतकाळवाचक विशेषणाच्या आधी : 'लॉक द डोअर सिक्युअरली', 'अ सिक्युअरली लॉक्ड डोअर'. क्रियापद आणि कर्म यांच्या मध्ये तो घालू नये. 'लॉक सिक्युअरली द डोअर' हे मराठीच्या सवयीतून येतं, कारण आपण 'दार नीट लाव' असं क्रियाविशेषण क्रियापदाला चिकटवूनच बोलतो. तुलना करायची तर 'मोर सिक्युअरली'. भावना सांगायची तर 'फील सिक्युअर', तिथे 'सिक्युअरली' नको.

आपल्याकडे 'सिक्युअर्ड 85 परसेंट' असं बायोडाटात सर्रास लिहितात. तिथे 'सिक्युअर' म्हणजे मिळवणं, आणि ते बरोबर आहे. पण त्यावरून 'पास्ड सिक्युअरली' असं करू नये. आरामात उत्तीर्ण झाला असं म्हणायचं असेल तर इंग्रजीत 'कम्फर्टेबली' म्हणतात. बँकेचं 'सिक्युअर्ड लोन' वेगळंच. ते तारण ठेवून घेतलेलं कर्ज. निश्चिंती आहे, पण ती बँकेची. हप्ते थकले तर तारण बँकेकडे जातं, हे सही करण्याआधी वाचून घ्यावं.

सोसायटीची नोटीस, दवाखान्याचा फलक, शाळेच्या सहलीचं पत्र अशा मजकुराचं मराठी तुमच्यापैकी अनेकांना करावं लागत असेल. यंत्राकडून भाषांतर करून घेतलं असेल तरी 'सुरक्षितपणे' या शब्दापाशी थांबा. वाचणाऱ्याने हाताने काय करायचं आहे ते ठरवा आणि तेवढंच लिहा : घट्ट लावा, कुलूप घाला, पट्टा अडकवा, खात्री करून घ्या.

आणि आज दुचाकी काढाल तेव्हा हेल्मेटचा पट्टा लावा. हनुवटी आणि पट्टा यांच्यात एक-दोन बोटं जेमतेम मावतील एवढाच तो सैल ठेवा. मग हेल्मेट मागच्या बाजूने धरून पुढे ढकलून पाहा. निघालं, तर गाडी सुरू करण्याआधी पट्टा पुन्हा बांधा.